कायोटीच्या शिकारीत वासाच्या बाटल्या: किती उपयोग, कुठे आणि कसा

पहिली बाटली मी मोठ्या विश्वासाने घेतली होती. लाल कोल्ह्याचं मूत. दुकानदार म्हणाला, बुटांना लावा, कायोटीला तुमचा पत्ता लागणार नाही. (कायोटी म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा, उत्तर अमेरिकेतला रानटी प्राणी.) जानेवारीतली सकाळ होती. अमेरिकेतल्या पश्चिम कॅन्ससमधलं कापणी झालेलं ज्वारीचं रान, धसकटांवर दव गोठलेलं. रानाचा मालक, एक म्हातारा गुरंवाला, माझ्या शेजारी बांधाला पाठ लावून बसला होता. त्याने फुंकायच्या कॉलमधून, म्हणजे जनावरांचे आवाज काढणाऱ्या शिट्टीतून, जखमी सशाचा केकाटणारा आवाज काढायला सुरुवात केली आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला समोरच्या ओघळीतून एक कायोटी वर आला. सरळ अंगावर येईल असं वाटलं. पण दोनशे यार्डांवर त्याने दिशा बदलली, लांबून वळसा घालत वारा जिकडे वाहत होता तिकडे गेला, एकदाच नाक वर केलं आणि जो सुटला तो दिसेनासा होईपर्यंत थांबला नाही.

म्हातारा हसला. म्हणाला, "त्याला आता पक्कं कळलंय. इथे एक माणूस आहे आणि त्याने कोल्ह्याच्या मुतात पाय घातलाय."

तेव्हापासून बऱ्याच बाटल्या रिकाम्या केल्या. काही वाया गेल्या, काही खरंच कामी आल्या. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. बंदूक घेऊन बसणाऱ्याकडे कायोटी येतो तो आवाजाने, वासाने नाही. वास उपयोगी पडतो तो आलेल्या कायोटीला आपल्याला हव्या त्या जागी दोन-चार सेकंद उभं करायला. माणसाचा वास झाकायला कुठलीच बाटली पुरत नाही. सापळेवाल्यांचं गणित निराळं, त्याकडे नंतर येऊ.

तो वळसा का घालतो

कायोटी आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा लहान. वजन साधारण 10 ते 20 किलो. सशाचं केकाटणं ऐकलं की कान त्याला जागा अचूक दाखवतात, पण तिथे नेमकं कोण आहे हे कानाला सांगता येत नाही. ससा असेल, सशाला धरलेला बॉबकॅट (तिकडचं मोठं रानमांजर) असेल, हद्दीतला दांडगा कायोटी असेल. म्हणून पोचण्याआधी तो नाकाने खात्री करून घेतो, आणि त्यासाठी आवाजाच्या वाऱ्याखाली जाणं भाग असतं. वारा जिकडे वाहतो ती बाजू म्हणजे 'वाऱ्याखाली', या अर्थाने हा शब्द पुढे वापरतोय. उघड्या माळावर हा वळसा बहुधा आवाजापासून 50 ते 150 यार्डांवर पडतो. लहान वयाचे, भुकेलेले कायोटी कधी कधी सरळही धावत येतात. एकदा वाचलेला, शहाणा झालेला मात्र वळसा घेतल्याशिवाय येत नाही.

वासाचा सगळा डाव या वळशावर उभा आहे. वळशाची जागा आधी ओळखता आली तर बाटलीला अर्थ आहे.

बाटल्यांत असतं काय

दुकानातल्या फळीवर चाळीस नावं दिसतील. प्रकार तीन-चारच.

मूत हा सगळ्यात साधा प्रकार. कायोटीचं, लाल कोल्ह्याचं, बॉबकॅटचं. पाळलेल्या जनावरांकडून गोळा करतात. कायोटीला ते परक्याच्या पाटीसारखं, कोण आलं आणि कधी आलं हे सांगणारं. बंदुकीच्या शिकारीत मी आता जवळजवळ एवढंच वापरतो.

ल्युअर म्हणजे जनावराला ओढून आणणारा वास. ग्रंथींचं ल्युअर म्हणजे कायोटीच्या गुदग्रंथी, पंजे वगैरे वाटून, मुरवून केलेला लगदा. हद्दीच्या भांडणाचा वास. त्याचा जोर माजाच्या दिवसांत.

खाद्याचा वास: सडवलेलं मांस, माशाचं तेल, बीव्हर नावाच्या पाण्याकाठच्या मोठ्या उंदरासारख्या प्राण्याचं मांस. भूक जागी करणारा.

आणि मग कुतूहलाचे वास. स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याचा अर्क, बीव्हरच्या ग्रंथीतला कॅस्टोरियम, बडीशेपेच्या जातीचं ॲनिस तेल, आणि आपला हिंग. हो, हिंगच. अमेरिकेतले सापळेवाले फार पूर्वीपासून कायोटी आणि लांडग्याच्या ल्युअरमध्ये हिंग घालत आले आहेत. इंग्रजीत हिंगाला 'सैतानाची विष्ठा' असंही एक नाव आहे. आमच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये काचेच्या जुन्या बरणीचं झाकण त्याने उघडलं आणि मला आईची फोडणी आठवली. मी म्हटलं, हे आम्ही वरणात घालतो. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. हिंग लावून बघायचा असेल तर भारतीय किराणा दुकानातला पिवळा बांधणी हिंग घेऊ नका, त्यात निम्म्याहून जास्त पीठ आणि डिंक असतो. खडा हिंग घ्या, खलबत्त्यात कुटा, ग्लिसरीनमध्ये भिजवून आठवडाभर ठेवा. डबी घराबाहेर.

अंगाला फासायचे वास

पाइन, सीडर, ओली माती, कोल्ह्याचं मूत, सगळे मी वापरून झालो. अडचण अशी की कायोटीचं नाक वासांची मिसळ खात नाही, त्याला त्यातला प्रत्येक पदार्थ सुटा लागतो. विमानतळावरचा कुत्रा कॉफीच्या पुड्यात दडवलेला गांजा काढतो तसंच. शिवाय तुमच्या श्वासातून, केसांतून, कातडीतून वास एकसारखा निघतोच आहे, आणि बुटावरचे चार थेंब एकदाच लावलेत.

याचा अर्थ अंघोळ करू नका असा नाही. बिनवासाच्या साबणाने धुतलेले कपडे, रबरी बूट, पेट्रोल भरताना वेगळे हातमोजे, गाडीत सिगारेट-चिवडा नाही, एवढं पाळा. त्याने वास कमी होतो आणि पायवाटेवर मागे राहणारी खूण हलकी पडते. पण वाऱ्याखाली आलेल्या कायोटीपासून लपता येईल या भ्रमात राहू नका.

मांडणी, एकेक करून

*वारा आधी.* शिंगाडा पीठ किंवा टाल्कम पावडर भरलेली पिचकीची छोटी बाटली खिशात ठेवा. त्याहून उत्तम म्हणजे मिल्कवीडचा कापूस. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं, आणि त्याच्या शेंगेतून लहानपणी आपण फुंकायचो तशाच 'म्हाताऱ्या' निघतात. पावडर दोन हातांवर विरते. म्हातारी मात्र शंभर पावलं डोळ्यांना दिसत राहते, आणि ओघळीवर पोचल्यावर वारा खाली बुडतो की वर उचलला जातो ते दाखवते. पहाटे थंड हवा उतारावरून खाली घरंगळते. ऊन तापलं की तीच उतार चढू लागते. सकाळी आठला बरोबर असलेली जागा दहाला चुकीची होते ती यामुळे. वारा अजिबात नसेल तर वासाचा विचार त्या दिवशी सोडून द्या. वास चारी बाजूंना साचतो, तुमचाही.

*गाडी आणि चाल.* गाडी चढाच्या मागे, दिसणार नाही अशी. दार आपटायचं नाही. कायोटी जिथे असतील असं वाटतं त्या रानावरून तुमचा वारा जाऊ नये अशा बाजूने चालत जा, वारा तोंडावर किंवा गालावर घेत.

*जागा.* समजा वारा उत्तरेकडून दक्षिणेला वाहतोय आणि कायोटी पश्चिमेच्या ओघळीतून येणार असा अंदाज आहे. इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे जनावरांचे आवाज वाजवणारा लाउडस्पीकर, मधोमध ठेवा. तुम्ही त्याच्या पूर्वेला 50 यार्डांवर, झुडपाला पाठ लावून, नैर्ऋत्येला तोंड करून बसा. कायोटी पश्चिमेकडून येईल आणि कॉलरच्या दक्षिणेला वळसा घालेल. तुमचा वास तुमच्यापासून दक्षिणेला, म्हणजे त्याच्या वाटेच्या पुढच्या टोकाला पडतोय. त्या पट्ट्यात शिरायच्या आधी तो तुमच्यासमोर उघड्यावर आलेला असतो. हा आडवा वारा शिकायला मला दोन हिवाळे लागले. बाटलीपेक्षा याचा उपयोग दहापट. दक्षिणेकडचा पट्टा उघडा, नजरेत भरणारा हवा. तिथे झाडी असेल तर जागा बदला.

*वासाची डबी.* आता बाटली. औषधाच्या गोळ्यांची रिकामी प्लास्टिक डबी घ्या, आत कापसाचा बोळा, त्यावर कायोटीच्या मुताचे पाच-सहा थेंब. जास्त नको. झाकण घट्ट लावून डबी झिपच्या पिशवीत. कॉलर ठेवायला जाल त्याच फेरीत डबीही ठेवून या: कॉलरपासून वीसेक पावलं नैर्ऋत्येला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, गवताच्या बुंध्यात किंवा कुंपणाच्या तारेला अडकवून, झाकण उघडं. जमिनीवर ठेवलं तर वास तिथेच बसून राहतो. पुढे वळशाच्या पट्ट्यात पाऊल टाकू नका, नाहीतर डबीचा वास पोचायच्या आधी तुमच्या बुटांचा पोचेल. हातमोजे सगळा वेळ घातलेले.

डबी कॉलरजवळच का? कारण कायोटीच्या लेखी गोष्ट जुळली पाहिजे. सशाचा आवाज येतोय, आणि त्याच दिशेकडून कायोटीचा वास येतोय, म्हणजे कोणीतरी ससा धरलाय. डबी तुमच्या पायाशी ठेवली तर तुम्ही त्याचं नाक स्वतःकडे वळवलंत.

*बसणं.* पहिली दोन-तीन मिनिटं आवाज बारीक, मग वाढवा. माळावर 20 मिनिटं पुरतात. पूर्वेकडच्या राज्यांत दाट जंगलात अर्धा तास किंवा जास्त बसावं लागतं, तिथे कायोटी सावकाश येतो. रायफल आधीपासून दुपायीवर, नळी वळशाच्या पट्ट्याकडे. कायोटी तुमच्याकडे तोंड करून येत असताना हलू नका.

*तो क्षण.* वासाच्या पट्ट्यात शिरताना कायोटी एकदम ब्रेक लावतो. आधी मान वळते, मग डोकं उचललं जातं, नाकपुड्या हलताना दुर्बिणीतून दिसतात. कान कॉलरकडे, नाक डबीकडे, अंग आडवं. माझा बाटलीवरचा सगळा खर्च या दोन-चार सेकंदांसाठी आहे. नेम आधी धरलेला असेल तर पुरतात. नसेल तर तो आणखी दहा पावलं पुढे जाऊन तुमचा वास घेईल आणि मग रानात धूळ तेवढी उरेल. वास नसताना धावत्या कायोटीला थांबवायला तोंडाने कुत्र्यासारखं एकदा भुंकतात, तेही चालतं. खरं सांगायचं तर त्या भुंकण्याला पैसे पडत नाहीत.

*निघताना* झाकण लावून डबी परत घ्या. उघडी सोडलीत तर आठवडाभर तिथल्या कायोटींना तुमची मांडणी फुकटात शिकवत राहील. पुढची जागा निदान मैलभर लांब.

कुठल्या महिन्यात कुठला वास

कायोटीचा माजाचा काळ जानेवारी ते मार्च, भर फेब्रुवारीत. मूत आणि ग्रंथींचं ल्युअर तेव्हा सर्वांत चालतं, कारण जोड्या हद्द राखत असतात आणि परक्याचा वास त्यांना सहन होत नाही. गर्भाचा काळ साधारण 63 दिवस, पिल्लं एप्रिल-मेमध्ये. पिल्लांच्या दिवसांत मी बसत नाही, तो माझा नियम आहे, कायद्याचा नव्हे.

सप्टेंबर ते नोव्हेंबर वर्षाची नवी पिढी घर सोडून भटकते. यांना कुतूहल फार, अनुभव कमी. स्कंक, कॅस्टोरियम, हिंग यांची मजा तेव्हा. जुने कायोटी स्वतःच्या हद्दीत नव्या वस्तूला आणि नव्या वासाला बिचकतात, हद्दीबाहेर मात्र धीट असतात. म्हणून विचित्र वासाची बाटली भटक्यांवर चालते आणि घरच्या मालकाला हुसकावते.

कडाक्याच्या थंडीत वास उडतच नाही. शून्याखाली दहा-पंधरा अंशांवर साधं मूत गोठून काच होतं. त्यात थोडं ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घाला, किंवा स्कंकसारखा थंडीतही पसरणारा वास अगदी टाचणीच्या डोक्याएवढा मिसळा. पाऊस असेल तर डबीवर छप्पर हवं.

ल्युअरची खरी जागा: सापळा आणि कॅमेरा

बंदूकवाल्याला वीस मिनिटं असतात, सापळेवाल्याला रात्र आणि रात्र. आणि त्याचं काम तर आणखी चिकट: वाटेल तिथे फिरणाऱ्या कायोटीचं पाऊल हातभर रुंद जागेत, सापळ्याच्या पेल्याएवढ्या पाटीवर आणायचं. तिथे ल्युअरशिवाय गत्यंतर नाही. 'डर्ट होल' नावाची मांडणी उंदराच्या बिळासारखी असते. तिरका खड्डा, तळाशी वाटाण्याएवढं ल्युअर, तोंडाशी मुताची एक धार, सापळा खड्ड्यापासून वीतभर अलीकडे मातीखाली. सापळा लावणं हे हाताखाली शिकायचं काम आहे, लेख वाचून करू नका.

मुद्दा असा की प्रत्येक वास वेगळं वागणं काढतो. काही वासांवर कायोटी पाय वर करून मुततो, काहींवर खांदा टेकून लोळतो, काहींवर उकरतो, काहींवर नुसता उभा राहून हुंगतो. सापळ्याला उकरणारा हवा, बंदुकीला उभा राहणारा. बाटली निवडताना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तुमच्या रानातल्या कायोटींना काय आवडतं हे बघायची एक स्वस्त रीत आहे, आणि ती सरकारी शास्त्रज्ञांकडून उचललेली आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत कायोटींची गणती करायला रस्त्याकडेला एक मीटर व्यासाची चाळलेल्या मातीची वर्तुळं करत, मधोमध आंबवलेल्या अंड्याचा वास ठेवत आणि सकाळी पावलं मोजत. पुढे त्या वासाची कृत्रिम आवृत्ती प्लास्टरच्या चकतीत मुरवून वापरात आली. तुम्ही अशी दोन वर्तुळं करा, दोनशे पावलांवर. एकात वास, दुसऱ्यात साधा पाण्याचा थेंब. पिठाची जुनी चाळण पुरते. शेजारी ट्रेल कॅमेरा, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा, बांधला तर उत्तमच. आठ रात्री बघा. दोन्हींकडे सारखीच पावलं उमटली तर ती बाटली माझ्यासारखी शेडच्या मागच्या फळीवर ठेवून द्या.

म्हातारा बाटली विकत घेतच नाही. त्याच्या गुरं राखणाऱ्या कुत्र्याच्या खांबाखालची माती तो खुरप्याने डब्यात भरतो आणि तीच वापरतो. कायोटीला कुत्र्याचं मूतही परक्याची खूणच.

सांभाळणं

स्कंकचा अर्क काचेच्या बाटलीत, ती बरणीत, बरणी बादलीत, बादली शेडमध्ये. मी पहिल्या वर्षी नुसती बाटली गाडीच्या डिकीत टाकली होती. झाकण एवढंसं सैल झालं. सव्वादोन तासांच्या वाटेवर मी खिडक्या उघड्या टाकून, बाहेर शून्याखाली सहा अंश असताना आलो. बायकोने कपडे अंगणातच उतरवायला लावले आणि गाडी मार्च संपेपर्यंत शेजाऱ्यांच्या चर्चेचा विषय होती. बेकिंग सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि भांड्यांचा साबण यांचं मिश्रण थोडं चालतं. ते बंद बाटलीत साठवू नका, फुटतं.

मारलेल्या कायोटीला उघडा हात लावायचा नाही. खरूज, पट्टकृमी आणि रेबीज, तिन्हींची शक्यता असते.

कागदपत्रं

ही बाब इथल्या आपल्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगता येत नाहीत. अपवाद आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हातात असला तर येतात. मित्राची रायफल 'जरा धरून बघतो' हेसुद्धा परवान्याशिवाय करू नका, प्रकरण व्हिसापर्यंत जातं. राज्याचे नियम त्यावर आणखी असतात. कॅन्ससमध्ये 1 जुलै 1957 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा प्रशिक्षण वर्ग पूर्ण करावा लागतो. कायोटीची शिकार तिथे वर्षभर खुली आहे, पण सापळ्याला फर-हार्व्हेस्टर (केसाळ कातडीची जनावरं धरण्याचा) परवाना वेगळा. खाजगी रानात परवानगी हवीच, आणि कुंपणाच्या खांबावर जांभळा पट्टा दिसला तर ती लेखी हवी. इलेक्ट्रॉनिक कॉलर, रात्रीची शिकार, आमिष टाकणं यांचे नियम राज्याराज्यांत बदलतात. हरणाचं नैसर्गिक मूत तर क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगामुळे काही राज्यांनी बंदच केलंय, घाऊक ऑर्डर द्यायच्या आधी बघा. भारतात सुट्टीवर गेल्यावर हे काही करायचं मनातही आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे कोल्ह्याची शिकार बंद आहे.

आणि डबी उघडलीत की येणारा पाहुणा कायोटीच असेल याची खात्री नाही. बॉबकॅट येतो, लाल कोल्हा येतो, त्यांचा हंगाम आणि परवाना वेगळा. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये लांडगा येऊ शकतो आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. वजन दुप्पट, थोबाड रुंद, कान छोटे आणि गोल. अंधुक उजेडात, दुर्बिणीत एकटा जीव असताना ते कळणं वाटतं तेवढं सोपं नाही. गेल्या डिसेंबरात माझ्या डबीवर तिसऱ्या मिनिटाला आला तो कायोटीच्या रंगाचा, कायोटीच्या चालीचा, नाक वर करून उभा राहिलेला. बोट घोड्यापाशी गेलं होतं. मग त्याने शेपूट हलवली. गळ्यात भगवा पट्टा होता, पलीकडच्या रानातला कुत्रा.